केंद्रावर इंटरनेटचं प्रशिक्षण घ्यायचंय? पहिल्यांदा सुलभक होणाऱ्यांसाठी

पत्र बहुधा व्हॉट्सॲपवरच येतं. केंद्रस्तरीय (म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचं) प्रशिक्षण, विषय ‘अध्यापनात इंटरनेटचा वापर’, सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, म्हणून तुमचं नाव आणि तारीख पुढच्या आठवड्यातली. पाठोपाठ केंद्रप्रमुखांचा फोन येतो, "सर, तुम्हाला मोबाइलमधलं सगळं येतं, तुम्हीच घ्या." मोबाइलमधलं आपल्याला येणं वेगळं आणि पस्तीस शिक्षकांनी ते उद्या आपल्या वर्गात वापरावं इतपत त्यांना शिकवणं वेगळं. हे मला माझ्या पहिल्याच प्रशिक्षणात कळलं.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. ते पहिलं प्रशिक्षण तालुक्याला होतं. एका सभागृहात शंभरावर शिक्षक बसले होते. मी चाळीसेक संकेतस्थळांची यादी पडद्यावर दाखवली आणि म्हटलं, "आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर उघडा." एका टॉवरवर एकाच वेळी शंभर मोबाइल पडले आणि प्रत्येकाच्या हातात नुसतं चक्र फिरत राहिलं. दोन महिन्यांनी त्यातल्या सहा शाळांत जाऊन आलो. यादी सगळ्यांकडे होती, पण वर्गात त्यातलं काहीही पोहोचलं नव्हतं. परत येताना एसटीत बसून विचार केला, तेव्हा चूक माझी होती हे पटलं.

तेव्हापासून मी यादी द्यायचं बंद केलं. शिक्षकांच्याच पुस्तकातला एक पाठ घेतो. तो शिकवताना खडू-फळा जिथे अपुरा पडतो, तेवढ्याच जागी नेट आणतो. आणि प्रत्येकानं तो तुकडा स्वतःच्या हातानं करून दाखवेपर्यंत दिवस संपवत नाही. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

१. आधी शाळा बघून या

प्रशिक्षणाच्या आधी केंद्रातल्या निदान चार-पाच शाळांत जा. एक गावातली मोठी शाळा, एक तांड्यावरची, एक वस्तीवरची दोनशिक्षकी, अशा निवडा. केंद्रप्रमुखांना सांगून हालचाल रजिस्टरला नोंद करून जा, म्हणजे मागे कुणाला प्रश्न पडणार नाही.

बघायचं काय? टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे का, हे तर बघाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कपाटात आहे की भिंतीवर, आणि चालू करून किती दिवस झाले. वीज जोडलेली आहे का? कित्येक शाळांची जोडणी थकलेल्या बिलापायी तुटलेली असते आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही खोक्यात पडून राहतो. अशा शाळेतल्या शिक्षकाला टीव्हीवरचा पाठ शिकवून काय उपयोग? त्याला एका मोबाइलवर पाच-पाच लेकरांचा गट कसा बसवायचा, हे शिकवावं लागतं.

रेंजही स्वतः तपासा. डोंगरपट्ट्यात एकाच शाळेच्या ओट्यावर एका कंपनीचं नेट चालतं आणि वर्गात शिरलं की जातं. मी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घालून फिरतो आणि प्रत्येक शाळेच्या नावापुढे ‘कुठे, कुणाचं, कितपत’ एवढं वहीत लिहून ठेवतो. ही वही प्रशिक्षणाच्या दिवशी सोन्यासारखी वाटते.

शिक्षकांशी बोलताना ‘तुम्हाला इंटरनेट येतं का’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात, कारण ‘नाही’ म्हणणं कुणालाही जड जातं. त्याऐवजी विचारा, "यंदा कोणता पाठ शिकवताना लेकरांना समजावणं अवघड गेलं?" मला मिळालेली उत्तरं अशी होती: विजेचं परिपथ, अपूर्णांक, समुद्र (आमच्या बहुतेक लेकरांनी समुद्र पाहिलेलाच नसतो), नकाशावरची उंची-सखलता आणि इंग्रजीचे उच्चार. प्रशिक्षणात घ्यायचे पाठ इथेच मिळाले.

२. तारीख, वेळ आणि जागा

तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल तर जुलै-ऑगस्ट मागा. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकवाटपाची गडबड असते. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडे ऊसतोडीला गाव निघतं. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी कारखान्यांकडे गेली की काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि पटावरचा वर्ग अर्धा होतो. नवीन काही करून बघायला शिक्षकाला भरलेला वर्ग लागतो. एप्रिलमध्ये शाळा सकाळची, ऊन तापलेलं आणि परीक्षा तोंडावर. तेव्हा माणसं बसतात, पण मन नसतं.

एका गटात पस्तीसच्या वर माणसं घेऊ नका. संख्या जास्त असेल तर दोन दिवस मागून घ्या. पत्रावर ‘एक दिवस’ छापून आलं असेल तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून कारण सांगितलं की बहुतेक ऐकतात. मला दोन वेळा तसं करून मिळालं.

जागा म्हणून तालुक्याचं सभागृह टाळून केंद्रशाळेतला वर्ग घ्या. शिक्षकाला जिथे शिकवायचं असतं तसल्याच खोलीत तो शिकला, तर खिडकीतून पडद्यावर येणारं ऊन, एकच प्लग आणि मागच्या बाकावर न पोहोचणारा आवाज या अडचणी तिथेच दिसतात आणि तिथेच सुटतात.

३. कागद आणि सामान

कागदांत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र, शाळांची यादी युडायस क्रमांकासह (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो), हजेरीपत्रक आणि उपस्थिती प्रमाणपत्रांचा कोरा नमुना एवढं पुरतं. ज्या शाळेत प्रशिक्षण आहे तिथल्या मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी लेखी कळवा, म्हणजे त्या दिवशीच्या वर्गांची आणि खिचडीच्या वेळेची सोय ते लावून ठेवतात.

सामान मात्र नीट मोजून घ्या:

– दोन एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातला एक लांब वायरचा. थ्री-पिन प्लग शाळेच्या जुन्या बोर्डात बसत नाही, म्हणून एक कन्व्हर्टर पिन.
– लॅपटॉप, त्याचा चार्जर, एचडीएमआय केबल.
– बाहेरचा स्पीकर. लॅपटॉपचा आवाज पत्र्याच्या खोलीत तिसऱ्या ओळीपुढे जात नाही आणि पाऊस आला तर पहिल्या ओळीलाही ऐकू येत नाही.
– दोन कंपन्यांचे हॉटस्पॉट आणि एक पॉवर बँक.
– शाळेमागे एक पेन ड्राइव्ह आणि तो मोबाइलला जोडायची ओटीजी पिन.
– पांढरी चादर आणि काळा कपडा. चादर पडद्यासाठी, काळा कपडा खिडकीसाठी.
– शिक्षकांनी स्वतःबरोबर आणायचं: मोबाइल चार्ज करून, त्यात थोडी जागा रिकामी करून, आणि त्यांच्या वर्गाचं पाठ्यपुस्तक. पुस्तक आणायला विसरू नका, हे पत्रात ठळक लिहा.

इथे एक जागा फसवी आहे. मोबाइलची टाइप-सी पिन टीव्हीच्या एचडीएमआयला जोडणारं यंत्र बाजारात मिळतं, पण ते सगळ्या मोबाइलवर चालत नाही. पुष्कळ स्वस्त मोबाइलमधून त्या पिनेतून चित्र बाहेर पडतच नाही. एका शाळेनं वर्गणीतून अशी तीन यंत्रं घेतली आणि तिन्ही पडून राहिली. शिक्षकाचाच मोबाइल लावून दुकानात चित्र दिसलं, तरच पैसे द्या. अँड्रॉइड टीव्ही असेल तर वायर न लावता मोबाइलचं चित्र टीव्हीवर घेता येतं. नेट नसलं तरी पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या खाचेत लावला की व्हिडिओ चालतो. आमच्याकडे सर्वांत भरवशाचा मार्ग हाच ठरला आहे.

४. पाठ निवडा आणि त्यात नेटची जागा ठरवा

प्रशिक्षणाचं यश या पायरीवर ठरतं, म्हणून हिला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत नेटवरचं साहित्य सात-आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, असं माझं मत झालं आहे. व्हिडिओ पंधरा मिनिटं चालला की लेकरं गप्प बसतात, शिक्षकालाही बरं वाटतं, पण नंतर प्रश्न विचारला की गाण्याची चाल तेवढी आठवत असते. आधी प्रश्न, मग पडद्यावर थोडं, मग पुन्हा वहीत किंवा मातीत काम, हा क्रम धरा.

मी घेतो तो एक पाठ सविस्तर सांगतो. विषय पाणी, इयत्ता चौथी ते सहावी. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, लातूर शहराला त्याचंच पाणी जातं. गुगल अर्थमध्ये ‘टाइमलॅप्स’ म्हणून सोय आहे. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं त्यात एकामागून एक सरकत जातात. धरणावर जाऊन ती चालवली की निळा डाग फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. २०१६ च्या आसपास थांबवायचं आणि विचारायचं, "पाणी कुठं गेलं?" एवढंच. पुढचं लेकरं बोलतात.

एका शाळेत हा पाठ चालू असताना चौथीतली एक मुलगी उठून टीव्हीजवळ गेली. धरणाच्या कडेनं बोट फिरवत एका जागी थांबली आणि म्हणाली, "सर, हितं माझ्या मामाचं गाव हाय." मग प्रत्येकाला आपलं गाव, आपली विहीर, आपला ओढा शोधायचा होता. त्या वर्गात नकाशा शिकवायला मला वेगळा पाठ लागला नाही.

त्यानंतर पडदा बंद. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (रेल्वेचे टाकीचे डबे) होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. ही माहिती फळ्यावर लिहायची आणि गणित घालायचं: एकूण किती लिटर? तुझ्या घरी रोज किती हंडे लागतात? एका हंड्यात पंधरा लिटर धरले तर हे पाणी किती घरांना एक दिवस पुरलं असतं? पाच लाख लिटर हा आकडा हंड्यांत मोजला की लेकरांना तो दिसतो. घरी जाऊन आजीला विचारायचं, त्या साली तुम्ही पाणी कुठून आणलं? म्हणजे पाठ नेटवर सुरू झाला आणि आजीच्या ओट्यावर संपला. नेटचा वाटा त्यात सहा मिनिटांचा.

प्रशिक्षणात हा पाठ तुम्ही घेऊन दाखवा, शिक्षकांना विद्यार्थी करून. मग त्यांना त्यांचं पुस्तक उघडायला सांगा आणि प्रत्येकाकडून तीन ओळी लिहून घ्या: पाठ कोणता, लेकरं कुठे अडतात, त्या जागी नेटवरून काय हवंय. तिसरी ओळ ‘व्हिडिओ’ अशी आली तर परत पाठवा. ‘बल्ब लागण्यासाठी तार कुठून कुठे जोडायची ते स्वतः करून बघता यावं’ अशी आली तर तो शिक्षक तयार झाला समजा.

५. साहित्य आदल्या दिवशीच उतरवून ठेवा

वर्गात थेट नेट चालेल असं धरून कोणताही पाठ आखू नका. घरी किंवा जिथे रेंज आहे तिथे सगळं उतरवायचं आणि वर्गात मोबाइल विमान मोडवर टाकून दाखवायचं. याचा दुसरा फायदा असा की मोबाइलचं चित्र टीव्हीवर असताना मध्येच व्हॉट्सॲपचा निरोप सगळ्या वर्गासमोर उघडत नाही. एका शिक्षकाच्या घरातला खासगी निरोप असाच पाचवीच्या वर्गानं वाचला. त्या सरांनी नंतर सहा महिने टीव्हीला हात लावला नाही. विमान मोडची सवय पहिल्याच तासाला लावा.

कुठून काय घ्यायचं, थोडक्यात:

दीक्षा. केंद्र सरकारचं हे ॲप ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. त्यात भाषा, शिक्षक, महाराष्ट्र, मराठी माध्यम आणि इयत्ता निवडली की आपलीच पुस्तकं समोर येतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. कोड पुसट झाला असेल तर त्याच्या खालची सहा अक्षरं टाइप करूनही चालतं. मात्र प्रत्येक कोडमागे कामाचं काही असेलच असं नाही, म्हणून आधी उघडून बघा. पुस्तकात क्यूआर घालण्याची कल्पना जवळच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून पाहिली होती आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हे मी प्रशिक्षणात मुद्दाम सांगतो. आपल्यासारख्याच शाळेतून निघालेली गोष्ट आहे म्हटल्यावर समोरची माणसं सरसावून बसतात.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पुस्तक फाटलेलं, हरवलेलं किंवा वर्षाच्या मध्यात आलेलं लेकरू, सगळ्यांसाठी ती आधी उतरवून ठेवा.

फेट (PhET). अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला हा उपक्रम, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी उभा केलेला. विज्ञान-गणिताचे हलते प्रयोग आहेत, लेकरू स्वतः तार जोडतं, बल्ब लावतं, अपूर्णांकाचे तुकडे करतं. त्यातले पुष्कळ प्रयोग मराठीत आहेत आणि उतरवून ठेवले की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतात. माझ्या मते एखाद्या शिक्षकानं वर्षभरात नेटवरची एकच गोष्ट शिकायची ठरवली तर ती ही असावी, कारण इथे लेकराचा हात चालतो.

मराठी विश्वकोश नेटवर आहे. शिक्षकानं स्वतःची तयारी करायला त्याच्यासारखं भरवशाचं मराठी साधन दुसरं नाही.

यूट्यूब. सगळे इथूनच सुरुवात करतात, म्हणून सावधपणा इथेच जास्त लागतो. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा, ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा आणि व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा. मधली जाहिरात काय लागेल याचा नेम नसतो, म्हणून ॲपमध्येच उतरवून ठेवलेला बरा. चित्राचा दर्जा मधला ठेवा, वर्गाला तो पुरतो आणि दिवसाचा डेटा वाचतो.

गुगल अर्थसारखं जे उतरवता येत नाही, ते घरी चालवून मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डरनं दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा. ही युक्ती शिक्षकांना फार आवडते.

६. प्रशिक्षणाचा दिवस

सकाळचा पहिला अर्धा तास भीतीसाठी ठेवा. हा वेळ वाया जातो असं मला आधी वाटायचं, आता वाटत नाही.

एका केंद्रावर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एक बाई होत्या. मोबाइल त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता आणि सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले तरी त्यांचा रुमालातच. शेजारी जाऊन बसलो. म्हणाल्या, "सर, माझ्या हातानं काही उडून जाईल बघा. नातवाचे फोटो हायत ह्याच्यात." एवढीच अडचण होती. त्यांचे फोटो कुठे साठलेत, ते कशानं जातात आणि कशानं जात नाहीत, हे त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. मग कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाखवून भाषा मराठी केली आणि म्हटलं, "बाई, आता वर्गात विचारता तसं विचारा." त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला, दोन्ही अंगठे कडेला ठेवले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मांजरा नदी कुठं उगम पावते?" अक्षरं एकेक करून उमटली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली, ‘उगम’मधला ऱ्हस्व उ बघितला आणि म्हणाल्या, "शुद्ध लिहिलंय की!" दुपारपर्यंत शेजारच्या दोघींना त्याच शिकवत होत्या.

म्हणून टायपिंग शिकवण्यात वेळ घालवू नका. बोलून लिहिणं आधी शिकवा. विरामचिन्हं आणि नावं चुकतात, ती हातानं दुरुस्त करायची, एवढं सांगितलं की भागतं.

जोड्या लावताना तरुण शिक्षक आणि ज्येष्ठ गुरुजी असं बसवा. पण मोबाइल ज्येष्ठांच्या हातात राहील हे बघा. तरुण माणूस पटकन ‘द्या, मी करून देतो’ म्हणतो आणि शिकणं तिथेच थांबतं. मी सुरुवातीलाच सांगतो: दुसऱ्याच्या मोबाइलला बोट लावायचं नाही, तोंडानं सांगायचं.

नेटचं काम गटागटानं द्या. दहा जण शोधतात, दहा जण पाठाच्या तीन ओळी लिहितात, उरलेले टीव्ही जोडतात-काढतात. सगळे एकदम नेटवर आले की टॉवर बसतो, हे वर सांगितलंच. नेट सकाळी बरं चालतं, म्हणून शोधाशोध जेवणाआधी उरका.

जेवणानंतर प्रत्येकानं पाच मिनिटांचा पाठ घ्यायचा. पस्तीस जण असतील तर तीन खोल्या करा. यातून कुणालाही सोडू नका, ‘पुढच्या वेळी घेतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. पाठानंतर दोनच प्रश्न विचारा: नेट नसतं तर हा पाठ किती अवघड गेला असता? आणि मध्येच वीज गेली तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याचा पाठ अजून कच्चा आहे.

७. खरं-खोटं तपासायला शिकवा

हा तास वगळला जातो, कारण तो दाखवायला आकर्षक नाही. पण परिपाठात व्हॉट्सॲपवरून आलेली माहिती वाचून दाखवायची रीत शाळाशाळांत आहे. ‘युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे, युनेस्कोनं असं काही जाहीर केलेलं नाही. गुरुजींनी सांगितलं म्हणजे लेकरू ते आयुष्यभर धरून चालतं.

मी एक सराव देतो. किल्लारीच्या भूकंपाची तारीख, वेळ आणि तीव्रता तीन ठिकाणांहून शोधा. तारीख सगळीकडे एकच मिळते, ३० सप्टेंबर १९९३. वेळ पहाटे चारच्या किंचित आधी, ३ वाजून ५६ मिनिटं. तीव्रता मात्र कुठे ६.२ दिसते, कुठे ६.४. शिक्षक गोंधळतात आणि विचारतात, यातलं खरं कोणतं? तीव्रता मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, म्हणून आकडे वेगळे येतात. कोणता आकडा कुणी, कोणत्या मापानं दिला ते बघायचं, हे तिथे कळतं. लातूर-धाराशिवकडच्या केंद्रावर हा सराव घेताना जरा हळू जा. समोर बसलेल्यांत त्या रात्री घरातलं माणूस गमावलेलं कुणी असू शकतं. असं एकदा झालं, आणि त्या सरांनी स्वतःहून उठून सांगितलेली हकिकत त्या दिवसाचा सगळ्यात मोठा धडा होती. गावात डोळ्यांनी पाहिलेली माणसं असताना त्यांनाही विचारावं, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता शिक्षक मोबाइलवरच्या चॅटबॉटलाही प्रश्न विचारू लागलेत. त्याची परीक्षा घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे त्याला आपल्याच गावाबद्दल विचारायचं. आपल्याला पक्कं माहीत असलेल्या गोष्टीत तो ठामपणे काय काय चुकतो हे एकदा बघितलं, की माहीत नसलेल्या गोष्टीत त्याच्यावर किती विसंबायचं ते आपोआप कळतं.

८. लेकरांचे फोटो, नावं आणि पासवर्ड

पाठ चांगला झाला की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह होतो. लेकराचा चेहरा, नाव, इयत्ता आणि गाव एकत्र कुठेही टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. जूनच्या पालकसभेतच लेखी संमती घेऊन ठेवा. पाठीमागून काढलेला किंवा वहीचा, हाताचा फोटो अहवालाला पुरतो.

लेकराच्या नावानं कोणत्याही ॲपवर खातं उघडू नका, शिक्षकाच्या खात्यावरूनच दाखवा. पासवर्ड वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे, तेवढं टाळा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, हे दोन क्रमांक सूचनाफलकावर असू द्या.

९. नंतरचे तीन महिने

प्रमाणपत्रं वाटून झाली की खरं काम सुरू होतं. पहिल्या पंधरा दिवसांत एक पाठ झाला तर पुढे होत राहतो, नाहीतर टीव्हीवर पुन्हा चादर पडते. म्हणून प्रशिक्षणाच्या दिवशीच प्रत्येकाकडून तारीख घ्या: कोणता पाठ, कोणत्या दिवशी. त्या दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करा. ‘झाला का?’ म्हणू नका, ‘लेकरांनी काय विचारलं?’ असं विचारा. पाठ झाला नसेल तर कारण ऐकून घ्या. बहुतेक वेळा एखादी केबल, संपलेला डेटा किंवा अचानक आलेलं सर्वेक्षणाचं काम, असं छोटंच काही असतं आणि ते सोडवता येतं.

जमतील तेवढ्या वर्गांत जाऊन मागच्या बाकावर बसा. वही घेऊन तपासायला आल्यासारखं बसू नका. पाठ चालू असताना काही अडलं तरी उठू नका, शिक्षकाला लेकरांसमोर स्वतः सोडवू द्या. बहुधा एखादं लेकरूच उठून वायर नीट करतं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडून फक्त वीस मिनिटं मागून घ्या. दर वेळी एका शिक्षकानं आपला पाठ सांगायचा, फसलेला असेल तर तोही. पेन ड्राइव्ह त्या दिवशी परत आणायला सांगा. फायलींना ‘इयत्ता-विषय-पाठ’ अशी मराठीत नावं द्यायची, साहित्याबरोबर त्या तीन ओळीही ठेवायच्या आणि शाळाशाळांनी एकमेकांचे पाठ उतरवून घ्यायचे. आमच्या केंद्राचा पेन ड्राइव्ह आता सोळा जीबीत मावत नाही, म्हणून यंदा दोन केले आहेत, एक पहिली ते पाचवीचा आणि एक सहावी ते आठवीचा.